धाकटीचं जैविक वय

८ सप्टेंबर

दैनंदिनी लिहायची कल्पना धाकटीची. "दिवसभर माणसांना जे टोमणे मारतेस ते कागदाला मार," म्हणाली, "कागद रडत नाही." धाकटी म्हणजे माझी जुळी बहीण. माझ्या मागोमाग काही मिनिटांनी जन्मली आणि तेव्हापासून तिला प्रत्येक गोष्टीला उशीर होतो आहे. दिसायला आम्ही दोघी म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. वागायला मात्र दोन टोकं. ती इथून दोन तासांवरच्या गावात ब्युटी पार्लर चालवते, तळलेलं खाते, भर उन्हात हिंडते आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाईल असं हसते. मी प्रयोगशाळेत काम करते, वाफवलेलं खाते, सकाळी धावते आणि कामापुरतं हसते. दोघींना चोपन्न पूर्ण झाली.

आजची बातमी अशी की आमच्या संचालकांना साक्षात्कार झालाय. संस्था आता लोकांना त्यांचं खरं वय सांगणार. नोव्हेंबरात 'जैविक वय केंद्रा'चं उद्घाटन. "जन्मतारीख काय, सगळ्यांकडेच असते," साहेब म्हणाले. म्हणजे आपल्याकडे जन्मतारीख आहे याची आम्हाला लाज वाटायला हवी होती.

त्यामागचं विज्ञान खोटं नाही. आपल्या प्रत्येक पेशीतलं डीएनए रोज हजारो ठिकाणी तुटतं, डागाळतं. उन्हाने, धुराने, अगदी नुसत्या श्वासानेही. पेशी ते दुरुस्त करत राहते. वय झालं की रस्त्यांसारखी गत होते, खड्डे पडायचे तेवढे पडतात पण बुजवणारे फिरकत नाहीत. हे मोजायचीही एक रीत आहे. रक्ताच्या दोन थेंबांतल्या पेशी जेलीत घोळवून काचेवर पसरायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. डीएनए धड असेल तर गोल ठिपका दिसतो. तुटलेलं असेल तर तुकडे एका बाजूला वाहतात आणि ठिपक्याला शेपटी फुटते, धूमकेतूला असते तशी. इथपर्यंत सगळं ठीक. पण शेपटीच्या लांबीवरून माणसाचं वय काढायचं सूत्र संचालकांनी स्वतः बनवलंय. त्याला मी मनातल्या मनात राशिभविष्य म्हणते.

१२ सप्टेंबर

आज आम्हा सगळ्यांची रक्तं तपासली. माझं जैविक वय शेहेचाळीस निघालं.

सूत्रात तथ्य असावं.

संचालकांचं त्रेसष्ट आलं. ते अठ्ठावन्नचे आहेत. त्यांनी सूत्रात किरकोळ दुरुस्ती सुचवली आहे. घड्याळाचं जेवढ्यास तेवढं आलं. घड्याळ म्हणजे प्रयोगशाळेतला माझा जोडीदार शास्त्रज्ञ. पाच वाजले की उठतो म्हणून ते नाव मी ठेवलंय. त्याच्या पेशीसुद्धा वेळेवर म्हाताऱ्या होताहेत.

जेवताना संचालकांना माझ्या जुळ्या बहिणीबद्दल कळलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. "अहो मॅडम, एकच जनुकसंच, दोन आयुष्यं! उद्घाटनाला यापेक्षा काय हवं?" मी धाकटीला फोन केला. वाटलं होतं, नाटकं करेल. ती म्हणाली, "घे की रक्त. आणि नीट बघ हं." मी म्हटलं, बघायचाच पगार मिळतो मला.

१६ सप्टेंबर

धाकटी आली. म्हणे कालपासूनच शहरात आहे, पार्लरची काही कामं होती, मैत्रिणीकडे उतरली. सख्ख्या बहिणीचं घर असताना मैत्रीण. असो.

नवीन केस केलेत. बॉबकट, काळेभोर, एकसारखे, एक बट इकडची तिकडे नाही. मी म्हटलं, "रंगाचं अख्खं दुकान डोक्यावर ओतलंस की काय?" ती म्हणाली, "आवडले? हवे असले तर तुलाही आणून देते." वजनही उतरलंय. विचारलं तर म्हणते, खावंसं वाटत नाही. आम्ही वर्षानुवर्षं पालापाचोळा चघळतो आणि हिला नुसतं खावंसं न वाटण्याने कंबर मिळते. देव आहे की नाही कोण जाणे, असलाच तर त्याला पार्लरवाल्या आवडतात.

रक्त घेताना नियमाप्रमाणे विचारायचं असतं. मी विचारलं, "काही आजार? औषधं?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तूच सांग." मी 'निरोगी' म्हणून नोंदवून टाकलं. चोपन्न वर्षं ओळखते, तिला काय धाड भरलीय! हाताच्या मागे निळा डाग होता. कुठे धडपडली विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात संचालक फोटो काढायला आले.

१९ सप्टेंबर

धाकटीची काच वाया गेली. वाया म्हणजे किती, तर जिकडे बघावं तिकडे शेपट्या. ठिपके शोधावे लागले. असं डीएनए चालत्याबोलत्या माणसाचं नसतं.

चूक कुठे झाली ते उघड आहे. काचा मंद पिवळ्या उजेडात हाताळायच्या असतात, साध्या ट्यूबलाइटनेही डीएनए तुटतं. घड्याळाने घाईत मोठा दिवा लावला असणार. तसं मी त्याला चार लोकांत सुनावलं. तो म्हणाला, "मॅडम, त्याच ट्रेमध्ये तुमचीही काच होती. ती तर स्वच्छ आहे." मी म्हटलं, माझी काच कोपऱ्यात होती, तिथे उजेड कमी पोचतो. त्याने खांदे उडवले. पाच वाजलेच होते.

धाकटीचा फोन आला. "काय दिसलं?"

"काही नाही. घड्याळाने नमुना खराब केला. परत दे."

ती हसली, पण नेहमीपेक्षा हळू. "बरं. पुढच्या खेपेला देते."

२७ सप्टेंबर

धाकटीला हल्ली माझ्या तब्येतीचा पुळका आलाय. आज फोनवर, इकडचं तिकडचं बोलता बोलता: "तू ती तपासणी करून घेतलीस का? पन्नाशीनंतर बायकांनी करायची असते ती. आईला जे झालं..."

मी म्हटलं, गॅसवर दूध जळतंय, आणि फोन ठेवला. गॅस बंदच होता.

आई गेली तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो. छातीतल्या गाठीने गेली. पुढे मावशीही तशीच गेली. त्या आजाराचं नाव माझ्या घरात काढायचं नाही असा नियम आहे, आणि घरात मी एकटीच असल्याने तो काटेकोर पाळला जातो. धाकटी तेवढी अधूनमधून मोडायला बघते. गेल्या महिन्यात तिने फोनवर "मला तुला एक सांगायचंय" अशी सुरुवात केली होती. आवाजावरूनच मी ओळखलं की गाडी आईवर जाणार. मी तिला संचालकांचा किस्सा सांगितला, ती हसली आणि विषय मिटला. माणसाला हसवता येणं ही मोठी सोय आहे.

आणि मी कशाला तपासू? माझ्या पेशी शेहेचाळीस वर्षांच्या आहेत.

७ ऑक्टोबर

धाकटी पुन्हा आली, पुन्हा कालपासूनच शहरात. बाईसाहेबांची पार्लरची कामं बरोबर तीन आठवड्यांनी निघतात. या वेळी भुवया पेन्सिलने कोरलेल्या, कमानदार. चेहरा सतत आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसतो. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे बघून कोणालाही आश्चर्यच वाटेल."

मी मुद्दाम तिच्यासाठी तळलेली भजी मागवली होती. एक तोंडात घातलं आणि बाजूला ठेवलं. "सगळ्याला पत्र्याची चव लागते गं." मी म्हटलं, एवढी वर्षं तेल पिऊन जिभेने राजीनामा दिला असेल. ती हसली. मग सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं टाकून. झोपेत म्हातारी दिसत होती. मी पांघरूण घातलं.

उठल्यावर रक्त दिलं. जाताना दारात म्हणाली, "या वेळी तरी नीट बघ. कोणावर ढकलू नकोस."

९ ऑक्टोबर

पुन्हा तेच. शेपट्याच शेपट्या.

या खेपेला मी घड्याळावर ओरडले नाही, कारण त्याने मला ओरडायला जागाच ठेवली नव्हती. सगळं माझ्यादेखत केलं होतं. म्हणून मी जेलीवर ओरडले. जेलीची बाटली नवीन आहे, कंपनी बदलली आहे, त्यात काहीतरी गडबड असणार. घड्याळ म्हणाला, "त्याच जेलीत इतर अकरा काचा ठीक आल्यात." मी म्हटलं, तुम्हाला अकराचं कौतुक, मला बारावीची काळजी. तो म्हणाला, "मॅडम, काळजी असेल तर त्यांनाच विचारा ना एकदा." काय विचारू? तुझं डीएनए का तुटलंय? ती म्हणेल, तुझ्या टोमण्यांनी.

संध्याकाळी फोन. "काय दिसलं?"

"जेली बिघडली होती."

"जेली," ती म्हणाली. "बरं बाई. जेली."

३० ऑक्टोबर

परवा धाकटीने पुन्हा रक्त दिलं. या वेळी एकूण एक गोष्ट मी स्वतः केली. पडदे ओढले, जुनी जेली वापरली, घड्याळाला प्रयोगशाळेतून हाकललं. माझं रक्तही शेजारच्याच काचेवर घेतलं, कोपऱ्याची सबब नको.

माझी काच: गोल, टपोरे ठिपके. तिची काच: शेपट्या.

सूत्रात घातलं. धाकटीचं जैविक वय एक्याऐंशी.

मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकापाशी बसून होते. एकाच अंड्यातून आलेल्या आम्ही, एकच आई, एकच बाप, जन्मताना अक्षरन् अक्षर सारखं डीएनए. नुसत्या भज्यांनी आणि केसांच्या रंगांनी एवढी तफावत पडते? मला एक विचार आला. तो इथे लिहीत नाही. कागद रडत नसेल, पण मी कशाला उगाच त्याला त्रास देऊ.

संचालकांना आकडा सांगितला तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "शेहेचाळीस आणि एक्याऐंशी! मॅडम, ही तर लॉटरी आहे." उद्घाटनाला दोन्ही काचा पडद्यावर शेजारी शेजारी दाखवायच्या आणि भाषण मी करायचं, असं ठरलं. विषय: आपलं वय आपल्या हातात.

खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. लहानपणापासून सगळे म्हणायचे, दोघी सारख्याच, पण धाकटी गोड आहे. आता पुराव्यासकट एक गोष्ट तरी माझ्या बाजूने आली. हे वाचायला वाईट दिसतंय. राहू दे.

८ नोव्हेंबर

धाकटीला फोन करून निकाल सांगितला. जरा जपून सांगितला, म्हणजे 'एक्याऐंशी' म्हणायच्या आधी 'फार मनावर घेऊ नकोस' म्हटलं.

"म्हणजे दिसलं तुला?" तिचा आवाज एकदम वेगळाच झाला. "दिसलं ना? मग?"

"मग काय, आता तरी ते रंग, ती तेलकट खाणी, ती जागरणं बंद कर. अजूनही वेळ गेलेली नाही."

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. "हॅलो?"

"आहे मी," ती म्हणाली. "तू एवढं शिकलीस कशासाठी गं?"

लागलं मला. पण एक्याऐंशीव्या वर्षी माणूस चिडचिडा होतोच. उद्घाटनाचं बोलावणं केलं. तिची काच पडद्यावर दाखवायचीय तेही सांगितलं, नाव न घेता. म्हणाली, "दाखव. येईन मी. बहुतेक तिथेच काहीतरी होईल."

२१ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. आत्ताच लिहायचंय.

सभागृह भरलं होतं. संचालकांनी नवा कोट शिवला होता. धाकटी तिसऱ्या रांगेत, बॉबकट, कोरलेल्या भुवया, अंगावर दोन स्वेटर. मी व्यासपीठावर गेले. पडद्यावर डावीकडे माझी काच, उजवीकडे तिची. मी म्हटलं, "जन्मतः तंतोतंत सारख्या असलेल्या या दोन स्त्रिया. एकीने आपल्या शरीराची काळजी घेतली. दुसरीने..." आणि पुढे विनोद केला. कोणता ते लिहिणार नाही. लोक हसले. छान हसले.

पाहुण्यांमध्ये मोठ्या रुग्णालयातल्या कर्करोगाच्या डॉक्टरबाई होत्या. प्रश्नांच्या वेळी त्या उभ्या राहिल्या. सौम्यपणे म्हणाल्या, "उजवीकडची काच वयाची नाही, मॅडम. म्हातारपण असं दिसत नाही. नव्वदीच्या माणसाचंही डीएनए इतकं तुटत नाही. हे औषधाने तोडलेलं आहे. आमच्या उपचार चालू असलेल्या रुग्णांचं रक्त असं दिसतं. या बाईंची कितवी केमो चालू आहे?"

मी म्हटलं, "त्या निरोगी आहेत. मी त्यांना जन्मापासून ओळखते."

माझा आवाज माइकमधून सगळीकडे गेला. आणि तिसऱ्या रांगेतून धाकटी म्हणाली, "पाचवी. सोमवारी झाली."

पुढचं सगळं तुटक आठवतंय. संचालक चहापानाची घोषणा करत होते. मी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना एक चुकले. धाकटीने मला दंडाला धरून बाहेर नेलं. तिने मला. जिन्याशेजारी, जुनी खुर्च्याटेबलं रचून ठेवलेल्या बोळकांडीत आम्ही उभ्या राहिलो.

"ऑगस्टपासून," ती म्हणाली. "आईला झालेलं तेच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तोंड उघडलं की तू किस्सा सांगतेस. आईचं नाव काढलं की तुझं दूध जळतं. म्हटलं, हिला माणसाचं ऐकू येत नाही, काचेवरचं तरी दिसेल. जगात कोणाला दिसलं नाही तरी हिला दिसेल, तिचं पोटपाण्याचं काम आहे ते. आणि तू घड्याळाला शिव्या देतेस! जेलीला शिव्या देतेस!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. मी तिची पाठ चोळली. दोन स्वेटरांच्या आत पाठ नव्हतीच, नुसती हाडं होती.

मग तिने माझे दोन्ही हात धरले. "आता बोलायचं नाही. ऐक. त्यांनी माझी जनुकं तपासली. तुटलेलं डीएनए दुरुस्त करणारं एक जनुक माझ्यात जन्मापासून बिघडलेलं आहे. आईकडून आलंय. माझ्यात आहे म्हणजे तुझ्यातही आहे. असेल-नसेल असं नाही, आहेच. आपण दोघी एकच आहोत ना, तूच शिकवलंस मला. तुझ्या रक्ताच्या काचा कितीही गोल असू देत, त्याला काही अर्थ नाही. तपासून घे. एवढ्याचसाठी मी येत होते, बये."

मी म्हटलं, "बघू."

तिने मला थोबाडीत मारली. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. फार लागलं नाही, तिच्या हातात जोरच नव्हता.

२४ नोव्हेंबर

संचालकांनी बोलावलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, डोळे पुसले. मग म्हणाले, "उजवीकडची काच तेवढी काढून टाकू. डावीकडची छानच आहे."

मी म्हटलं, डावीकडचीही काढा. रक्तातल्या पेशी गोल दिसतात म्हणून त्या बाईच्या बाकी अंगात काय चाललंय ते मला माहीत नाही, तुम्हाला नाही आणि तुमच्या सूत्राला तर मुळीच नाही. एवढं म्हणून मी केंद्राच्या कामातून नाव काढून घेतलं. ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. मी म्हटलं, हो, सवय नाही म्हणून तुम्हाला विचित्र वाटतंय.

बाहेर घड्याळ उभा होता. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, मला पहिल्या काचेपासून शंका होती. पण तुम्ही बोलू देता कुठे?" दोन माणसांनी एकाच आठवड्यात तेच सांगितलं. शास्त्रात याला पुनःप्रत्यय म्हणतात.

तपासणीची वेळ अजून घेतलेली नाही. सकाळपासून तीनदा फोन उचलला. एकदा तर हवामान विचारून ठेवून दिला. तिकडची मुलगीही बिचारी खरंच खिडकीतून बघून सांगत होती.

भीती वाटते. बस. आईचा तो शेवटचा उन्हाळा मला दिसतो. धाकटी तिच्याजवळ बसायची, तिचं डोकं विंचरायची, आणि मी शेजारच्या खोलीत अभ्यास करायची. पहिली आले होते त्या वर्षी.

२६ नोव्हेंबर

धाकटी सकाळी दारात हजर. न सांगता, पहिल्या गाडीने. डोक्यावर ना बॉबकट, ना भुवया. गुळगुळीत डोकं आणि वर लाल टोपी. "वेळ मी घेतलीय. अकराची. चपला घाल."

मी म्हटलं, "नाश्ता?"

"चपला घाल."

तिथल्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. समोरच्या बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. एकच चेहरा, एकदा केसांसकट आणि एकदा केसांशिवाय. धाकटी त्यांना म्हणाली, "आधीचा आणि नंतरचा फोटो आहे. औषधाची जाहिरात." त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. मग माझा नंबर आला आणि मी पिशवीत चष्मा शोधू लागले. धाकटीने मागून ढकललं.

५ डिसेंबर

निकाल आला. जनुक बिघडलेलं आहे, ते ठाऊकच होतं. आणि डाव्या बाजूला गाठ आहे. लहान. हाताला लागतही नाही, यंत्राला दिसली. डॉक्टर म्हणाले, कुठे पसरलेली दिसत नाही, काढून टाकू, पुढचे उपचार घेऊ, चांगल्यापैकी निभावून जाल. आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर मी असं म्हणू शकलो नसतो.

म्हणजे परवापरवापर्यंत, शेहेचाळीस वर्षांची म्हणून मी मिरवत होते, भाषणं ठोकत होते, तेव्हा ती गाठ माझ्या अंगात ऐकत बसली होती.

बाहेर आले. धाकटीने विचारलं, "केवढी?" मी चिमटीने दाखवलं. तिने माझी चिमूट आपल्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि ढसाढसा रडायला लागली. स्वतःच्या आजारपणात ती रडल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्या वाटाण्याएवढ्या गाठीवर मात्र अख्खं रुग्णालय वळून बघेल असं रडली. "वेळेवर सापडली," म्हणाली. "वेळेवर सापडली गं."

मी तिला पाणी दिलं. आणि मग मला जाणवलं की मी तिला अजून विचारलेलंच नाही. नोव्हेंबरपासून सगळं माझंच चाललं होतं, माझी भीती, माझा फोन, माझ्या चपला.

"आणि तुझी?" मी म्हटलं. "तुझी केवढी?"

तिने नाक पुसलं. माझ्याकडे नीट बघितलं, मी किस्सा सांगते का ते बघत असावी. मी काही बोलले नाही. तेव्हा तिने सांगितलं. छातीतली मोजण्यात अर्थ नाही, यकृतात पोचली आहे. ऑगस्टमध्ये कळलं तेव्हाच पोचली होती. ही औषधं बरं करायला नाहीत, थोपवून धरायला आहेत. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि ती विचारत नाही.

म्हणजे पहिल्या खेपेला माझ्याकडे हात पुढे करून बसली तेव्हा तिला हे ठाऊक होतं. तिच्यासाठी त्यात काहीच नव्हतं. रक्त तिचं, सुई तिला, प्रवास तिचा, आणि वर माझे टोमणे.

मी म्हटलं, "मला तुझ्याशिवाय नाही जगायचं." आयुष्यात कोणाला असं काही म्हटलेलं नव्हतं. बाकावर, सगळ्यांसमोर, नाक गळत असताना म्हटलं.

ती म्हणाली, "न जगून आता जमणार नाही. मी फार खटपट केलीय."